जुन्या खाणींचे नमुने वाचवताना: बेळगाव, खानापूर, जोयडा

सोमवार, बेळगाव

बंद पडलेल्या खाणींतले जुने दगडी नमुने वाचवण्याच्या कामासाठी फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडचे खाणीचे कच्चे रस्ते चिखलात जातात आणि एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या गोदामात दुपारी उभंही राहवत नाही. फेब्रुवारीत हवा कोरडी असते, कागद फाटत नाही, खोकी उघडता येतात. धोका एवढाच की या दिवसांत प्रत्येक संग्रह ठणठणीत वाटतो. आज दुपारी इथल्या संग्रहाच्या तळघरातला आर्द्रतामापक ३४ टक्के दाखवत होता. याच खोलीत जुलैमध्ये ९० च्या आसपास आकडा जातो, आणि नमुन्यांचं जे काही बिघडतं ते त्या तीन-चार महिन्यांत. म्हणून एका दिवसाच्या मापनावर काही ठरवू नये. दर तासाला नोंद करणारा छोटा लॉगर वर्षभर ठेवावा: एक खोलीत, एक बंद कपाटात, एक बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या खणात.

दौऱ्याचा हेतू सरळ आहे. बेळगाव, खानापूर आणि उत्तर कन्नडमधल्या जोयडा भागातल्या कितीतरी बॉक्साइट आणि मँगनीज खाणी आता बंद आहेत. काही बुजवून त्यावर झाडं लावली, काहींत पाणी साठलं, काही आज राखीव जंगलात आहेत. तिथला तोच दगड, त्याच पायरीवरचा (खाण उतरत्या पायऱ्यांनी खोदतात), पुन्हा आणता येणार नाही. तो उरलाय तो महाविद्यालयांच्या कपाटांत, खाण कार्यालयांच्या गोदामांत आणि कधी कधी निवृत्त सर्वेक्षकांच्या माळ्यावर. १९६० च्या दशकात बॉक्साइटमध्ये ॲल्युमिना, सिलिका, लोह ऑक्साइड, टायटॅनिया आणि भाजल्यावरची घट एवढंच मोजलं जायचं. गॅलियम या धातूकडे सहसा कोणी पाहत नसे. बॉक्साइटमध्ये ते साधारण ५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५० भाग) आसपास असतं, आणि केंद्र सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ३० महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत आज गॅलियम आहे. जुना नमुना आणि त्याचं नेमकं ठिकाण दोन्ही हातात असतील तर हे मोजमाप आज करता येतं. ठिकाण गेलं तर उरते ती खडी.

त्यामुळे पहिला नियम: पहिल्या दिवशी काहीही साफ करायचं नाही. धूळसुद्धा नाही. कपाट उघडायचं, प्रत्येक खण जसा आहे तसा वरून फोटोत घ्यायचा, फोटोत मोजपट्टी, रंगपट्टी आणि खणाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवायची. खणात कोणता दगड कोणाशेजारी आहे हीसुद्धा माहिती असते. चिठ्ठी घसरून शेजारच्या नमुन्याखाली गेलेली असेल तर ती कुठून आली हे या फोटोवरूनच कळतं. उत्साही मंडळी नेमकी इथेच घाई करतात. सगळे दगड बाहेर काढून टेबलावर मांडले, ब्रशने पुसले, चिठ्ठ्या एका ताटलीत गोळा केल्या, की संग्रह संपला. तो पुन्हा कोणी जुळवू शकत नाही.

या तळघरातल्या सागवानी कपाटात काळ्या कार्बनी फिलाइटचा (पापुद्र्यांच्या खडकाचा) एक खण होता. फिलाइटमध्ये पायराइटचे, म्हणजे लोह-गंधकाच्या खनिजाचे, दाणे. वरून पाहिलं तर दगडांवर पिवळट-पांढरी बुरशी आल्यासारखं वाटतं. बुरशी नाही, ती लोहाच्या सल्फेटची भुकटी. पायराइटला हवेतला ऑक्सिजन आणि ओल मिळाली की लोह सल्फेट आणि सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. सल्फेट मूळ खनिजापेक्षा जास्त जागा घेतं, म्हणून दगड आतून फुटतो. आम्ल खाली झिरपतं, म्हणून चिठ्ठी तपकिरी होऊन कडेने चुरते आणि पुठ्ठ्याच्या खोक्याला तळाला भोक पडतं. खण ओढताच गंधकाचा आंबूस वास येतो. ओलसर पीएच पट्टी भुकटीला टेकवली की ती लगेच लाल होते.

इथे क्रम महत्त्वाचा. आधी चिठ्ठी वाचवायची. ती चिमट्याने उचलून पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवायची, दोन्ही बाजूंचा फोटो घ्यायचा, मजकूर लगेच वहीत उतरवायचा. आम्लाने खाल्लेला कागद पुढच्या वर्षी असेलच असं नाही. मग सुटी भुकटी मऊ ब्रशने झटकून वेगळ्या बाटलीत भरायची, तिच्यावरही त्याच नमुन्याचा क्रमांक घालायचा, कारण कोणाला ही सल्फेटंच अभ्यासायची असू शकतात. पाण्याने धुवायचं नाही. सल्फेट विरघळून आम्ल आणखी आत जातं आणि दगड आणखी वेगाने फुटतो. मग नमुना घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, सिलिका जेलसह.

जेल किती? संग्रहालयांत दर घनमीटर हवेला २० किलो हे जुनं प्रमाण आहे. म्हणजे १० लिटरच्या डब्याला २०० ग्रॅम. जेल नारिंगी रंगाचं घ्यावं. जुन्या निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे. रंग बदलला की ११० ते १२० अंशांच्या भट्टीत दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येतं. आर्द्रता ६० टक्क्यांवर गेली की पायराइटची नासाडी झपाट्याने होते. डब्यात ती ४० च्या खाली ठेवली तर दगड वर्षानुवर्षं टिकतो. आणखी खात्री हवी असेल तर हवाबंद फिल्मच्या पिशवीत ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या घालून पिशवी उष्णतेने सील करायची. अमोनियाच्या वाफेने आम्ल मारण्याची पद्धतही आहे, पण ती प्रदर्शनातल्या नमुन्यांसाठी. ज्यातून पुढे रासायनिक विश्लेषण करायचंय त्या दगडाला अमोनिया, लाख, फेविकॉल यांपैकी काहीही लावू नये. तांब्याच्या खनिजांना तर अमोनिया मुळीच दाखवू नये, ती निळी पडतात.

त्याच कपाटात खालच्या खणात पांढरी पूड होती, ही मात्र दगडातून आलेली नव्हती. जुन्या संग्रहांत किडीसाठी नॅप्थलीन, डीडीटी, कधी आर्सेनिकची किंवा पाऱ्याची भुकटी टाकलेली असते. तपासणी होईपर्यंत ती विषच समजायची. नायट्राइलचे हातमोजे, एन-९५ मास्क, आणि झाडू नव्हे तर हेपा फिल्टरचा (अतिबारीक धूळ अडवणारा) व्हॅक्यूम.

मंगळवार, बेळगावच्या पश्चिमेचं पठार

बोकनूर-नावगेच्या डोंगरसरीवर आणि पुढे जांबोटीच्या बाजूला बॉक्साइटचे जुने खड्डे आहेत. इथे कोणताही दगड उचलायचा नव्हता, परवानगीशिवाय उचलूही नये. काम होतं ते कपाटातल्या चिठ्ठ्या जमिनीशी जुळवण्याचं.

खड्ड्याची भिंत शाबूत असेल तिथे वरून खाली अनुक्रम स्वच्छ दिसतो. वर कठीण जांभा, ज्याचे चिरे पाडतात. त्याखाली फिकट, हलका, मटारासारख्या गोळ्यांचा बॉक्साइट, त्याखाली पांढरट-जांभळट चिकणमातीचा थर, ज्याला लिथोमार्ज म्हणतात, आणि सगळ्यांत खाली कुजलेला बेसाल्ट. बेळगाव दख्खनच्या लाव्ह्याच्या दक्षिण कडेला आहे, त्यामुळे ही सगळी खनिजं त्याच काळ्या दगडाच्या कुजण्यातून आली. नुसतं ‘बॉक्साइट, बेळगाव’ लिहिलेल्या नमुन्याला संशोधनात किंमत नाही. ‘दुसरी पायरी, वरून ३ मीटर’ लिहिलं असेल तर तो कुजण्याच्या प्रक्रियेतला एक टप्पा ठरतो.

जुन्या चिठ्ठ्यांवरचे अक्षांश-रेखांश थेट मोबाइलमध्ये टाकले तर माणूस चुकीच्या खड्ड्यावर पोचतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराचं जुनं गणिती रूप) आहेत, मोबाइल डब्ल्यूजीएस-८४ या नव्या रूपावर. या भागात दोहोंत शंभर मीटरच्या वर फरक पडतो. पठारावर खड्डे एकमेकांना लागून असतात, तिथे एवढा फरक पुरेसा आहे. म्हणून नोंदवहीत दोन रकाने हवेत: चिठ्ठीवर जसे आहेत तसे आकडे, आणि बदललेले आकडे, बदलण्याच्या पद्धतीसह. जुना आकडा खोडून नवा लिहायचा नाही. या भागाचे जुने टोपोशीट ४८ आय या मालिकेतले. २००५ च्या नकाशा धोरणानंतरच्या नव्या शीटचे क्रमांक वेगळे आहेत. चिठ्ठीवर शीटचा क्रमांक असेल तर तो खोदलेल्या अक्षरांइतका मोलाचा.

लिथोमार्जबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी. त्यात हॅलॉयसाइट हे चिकणमातीचं खनिज असू शकतं. त्याच्या पापुद्र्यांमधलं पाणी साध्या कोरड्या हवेतही निघून जातं, ५०-६० अंशांच्या भट्टीत तर नक्कीच, आणि ते परत येत नाही. प्रयोगशाळेत नमुना आला की आधी १०५ अंशांवर सुकवायचा ही सवय बॉक्साइटला चालते, लिथोमार्जला नाही. या मातीचे जुने नमुने पायराइटच्या डब्यात जेलसह ठेवले तर ते तडकतात. त्यांना ४५ ते ५५ टक्के आर्द्रता लागते. एकाच कपाटात सगळ्यांना एकच हवा देण्याचा हट्ट इथे नडतो.

बुधवार, खानापूर

बेळगावहून पंचवीस-सव्वीस किलोमीटर. खानापूरची माती कुंभारकामासाठी आणि कौलांसाठी प्रसिद्ध. खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही इथेच आहे. आजचं काम मात्र ड्रिल कोअरचं. गावाबाहेरच्या एका बंद गोदामात लाकडी पेट्या, एकावर एक आठ-आठ, तळच्या दोन रांगांना वाळवी.

कोअर म्हणजे हिऱ्याच्या बिटने पोकळ नळीत कापून काढलेला दगडाचा लांब दांडा. जुन्या कामात बहुधा एनएक्स मापाचा, ५४.७ मिलिमीटर व्यासाचा, किंवा बीएक्स, ४२ मिलिमीटरचा. उचलण्याआधी वजनाचा हिशेब करावा. एनएक्सचा एक मीटर साध्या दगडात सव्वासहा किलोच्या पुढे भरतो, म्हणजे पाच मीटरची पेटी लाकूड सोडून ३२ किलो. तोच कोअर मँगनीज किंवा लोहखनिजाचा असेल तर ४५ किलोच्या पुढे. वाळवीने खाल्लेला तळ असली पेटी उचलताना निसटतो आणि पाच मीटरचा अनुक्रम जमिनीवर पसरतो. म्हणून पेटी उचलायचीच नाही. आधी तिच्याखाली १२ मिलिमीटरचा प्लायवूड सरकवायचा, दोन पट्टे आवळायचे, मग दोघांनी हलवायची.

नव्या पेटीत कोअर भरताना पुस्तकाच्या ओळी वाचाव्या तसा क्रम: वरच्या डाव्या कोपऱ्यात सर्वांत वरची खोली, उजवीकडे सरकत खाली. बघायला सोपं, पण जुन्या पेट्या कुणीतरी उलट्या भरून ठेवलेल्या असतात. तपासायचं असं. खोलीचे ठोकळे (कोअर किती खोलवरचा ते लिहून मध्ये ठेवलेले) वाढत्या क्रमाने आहेत का? तुटलेल्या तुकड्यांची तोंडं एकमेकांत बसतात का? जांभ्यापासून खाली जाताना दगड अधिक ताजा होतो का? तिन्ही जुळल्यावरच प्रत्येक तुकड्यावर बाण काढायचा, खालच्या दिशेने.

खोलीच्या ठोकळ्यांवर नुसता आकडा असतो, एकक नसतं. ७० म्हणजे फूट की मीटर? देशात मेट्रिक मापं १९५६ च्या कायद्याने आली, पण ड्रिलवाल्यांच्या हातात दहा फुटी बॅरल (कोअर धरणारी नळी) पुढेही बरीच वर्षं होतं. साधी कसोटी: दोन ठोकळ्यांत १० चा फरक आहे आणि मधला कोअर तीन मीटरपेक्षा जास्त नाही, तर ती मापं फुटांत आहेत. ७० फूट म्हणजे २१.३४ मीटर. ही चूक झाली तर बॉक्साइटचा थर कागदावर तिप्पट खोल जातो, आणि असा कागद एकदा अहवालात गेला की तो पुसणं फार कठीण.

हरवलेला कोअर हा आणखी एक फसवा भाग. २१ आणि २४ मीटरच्या ठोकळ्यांमध्ये २.१ मीटरच कोअर असेल तर प्राप्ती ७० टक्के. उरलेला ०.९ मीटर ड्रिलच्या पाण्यात धुऊन गेला, बहुतेक मऊ माती किंवा भुसभुशीत थर. पेटी भरलेली दिसावी म्हणून तुकडे लांबवून ठेवायचे नाहीत. ०.९ मीटर लांबीचा थर्मोकोलचा नव्हे तर पॉलिइथिलीन फोमचा तुकडा घालून त्यावर ‘हरवला’ लिहायचं. तूट कुठे होती हे ड्रिलरच्या लॉगमध्ये (खोदकामाच्या नोंदीत) असेल तर तिथे, नसेल तर त्या टप्प्याच्या शेवटी.

नव्या पेट्या कशाच्या घ्यायच्या यावर नेहमी वाद होतो. लाकूड स्वस्त पण वाळवी. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा टिकाऊ, पण पायराइट असलेल्या कोअरने तो खाल्ला जातो आणि नमुन्यात जस्त मिसळतं, मग पुढे त्याच नमुन्यातलं जस्त मोजण्याला अर्थ उरत नाही. पन्हाळी प्लॅस्टिकच्या पेट्या सगळ्यांत बऱ्या, फक्त उन्हात ठेवू नयेत, ठिसूळ होतात. रॅक कोन-पट्टीचा असेल तर एका फळीवर किती वजन चालतं ते आधी विचारावं; ३२ किलोच्या चार पेट्या म्हणजे १२८ किलो, आणि बाजारातल्या हलक्या फळ्या त्याने वाकतात. खालची फळी जमिनीपासून किमान १५ सेंटिमीटर वर.

फोटो आधी कोरडे, मग ओले. ओल्या कोअरवर रंग आणि पोत खुलतो. पण पायराइट, मीठ किंवा चिकणमाती दिसली तर ओला फोटो नाही.

गुरुवार, लोंढा मार्गे जोयडा

लोंढ्यापुढे जंगल सुरू होतं. जोयडा तालुक्याचा बराच भाग आज काळी व्याघ्र प्रकल्पात आहे, त्यामुळे जुन्या मँगनीज खाणींकडे वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही. आम्ही खाणीत गेलो नाही. एका घराच्या पडवीत ठेवलेला खाणीचा संग्रह पाहायचा होता, चार लोखंडी ट्रंका आणि एक पोतं.

आधी चिठ्ठ्या. एकाच भागाच्या नमुन्यांवर ‘सुपा, नॉर्थ कॅनरा, बॉम्बे’, ‘सुपा, म्हैसूर’ आणि ‘जोयडा, कर्नाटक’ अशी तीन तऱ्हेची नावं दिसतात. ही चूक नाही, हे काळाचे शिक्के आहेत. बेळगाव आणि उत्तर कन्नड १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते. १९७३ पर्यंत राज्याचं नाव म्हैसूर. सुपा गाव काळी नदीवरच्या धरणाखाली गेल्यावर तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. म्हणजे तारीख नसलेल्या चिठ्ठीचाही काळ राज्याच्या नावावरून साधारण बांधता येतो. असंच चंदगडचं. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं, मग कोल्हापुरात. ‘बॉक्साइट, चंदगड, बेळगाव’ असं वाचून कोणी जिल्हा ‘दुरुस्त’ केला तर नमुन्याच्या काळाचा पुरावाच जातो.

ट्रंकेत मँगनीजचे कठीण काळे गोळे, आणि हाताला काजळी लागणारा मऊ ‘वॅड’. वॅडला हात लावण्याआधी मास्क. मँगनीजची धूळ दीर्घकाळ श्वासात गेली तर मज्जासंस्थेवर परिणाम होतो. हा मऊ भाग प्लॅस्टिकच्या रुंद तोंडाच्या बरणीत, खाली-वर फोम देऊन. पिशवीत ठेवला तर प्रवासात तो पिठासारखा होतो आणि मूळचे पापुद्रे मोडतात. ते पापुद्रे फार महत्त्वाचे आहेत. मँगनीजच्या ऑक्साइडपैकी क्रिप्टोमेलेनमध्ये पोटॅशियम असतं, त्यामुळे आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने जमीन कधी कुजली हे काढता येतं. कर्नाटकात संडूरच्या मँगनीजवर असं काम झालं आहे. त्यासाठी एकाच पापुद्र्यातले दाणे लागतात. सगळं मिसळलेलं पीठ उपयोगाचं नाही.

पोत्यात तपकिरी कागदाच्या पाकिटांत दळलेले नमुने होते, प्रयोगशाळेच्या भाषेत पल्प. साधारण २०० मेशच्या चाळणीतून गेलेले, म्हणजे ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक. पाकिटं फुटून पीठ एकमेकांत मिसळलेलं. फुटलेल्या पाकिटातलं पीठ आता फक्त ‘मिश्र’ म्हणून ठेवायचं. शाबूत पाकिटं मात्र सोनं आहेत. प्रत्येक पाकीट बाहेरून पुसायचं, वजन करायचं, पीठ पॉलिइथिलीनच्या बाटलीत ओतायचं, पुन्हा वजन, आणि रिकामं पाकीट टाकून न देता त्याच बाटलीच्या खोक्यात. पाकिटावर विश्लेषण क्रमांक असतो, जो जुन्या अहवालातल्या आकड्यांना जोडतो. एका पाकिटानंतर चमचा आणि कागद बदलायचा. कोणत्या गिरणीत दळलं हे कळलं तर लिहून ठेवावं: टंगस्टन कार्बाइडच्या गिरणीतून टंगस्टन आणि कोबाल्ट मिसळतात, पोलादीतून लोह. आज कोणी कोबाल्ट मोजायला बसला तर त्याला गिरणी आधी माहीत हवी.

चिठ्ठ्यांवर ‘नं. ३’ सतत येत होतं. खाणीचा क्रमांक समजून तसं नोंदवणार, तेवढ्यात पूर्वी तिथे मुकादम असलेले एक गृहस्थ भेटायला आले.

‘‘तीन नंबर म्हणजे खाण न्हवं, साहेब. तिसरी पायरी. खाणींना नंबर न्हवते, नावं होती.’’

‘‘कुठली नावं, मामा?’’

‘‘जांभळीची, वडाची, आन् एक पाण्याची. पाण्याचीत झरा लागला म्हणून बंद केली, बघा.’’

नोंदवहीतल्या ‘जे-३’, ‘व्ही-३’, ‘पी-३’ या आद्याक्षरांचा अर्थ मग लागला. अशी तोंडी माहिती परवानगी घेऊन ध्वनिमुद्रित करावी, उपग्रह छायाचित्र समोर ठेवून त्यांच्याच बोटाने जागा दाखवून घ्यावी, आणि नोंदीत ‘तोंडी’ असा शिक्का ठेवावा. ठिकाणाच्या खात्रीचे चार वर्ग पुरतात. ‘क’ म्हणजे चिठ्ठीवर अक्षांश-रेखांश, ‘ख’ म्हणजे खाण आणि पायरी, ‘ग’ म्हणजे नुसती खाण, ‘घ’ म्हणजे तालुकाच. मामांच्या दहा मिनिटांनी निम्मे नमुने ‘ग’ मधून ‘ख’ मध्ये आले. ही माणसं वयाने मोठी आहेत. दगड थांबतील, त्यांच्याकडे मात्र आधी जायला हवं.

शुक्रवार, गोकाककडे

आजचा दिवस हलका. गोकाकच्या धबधब्याचा क्वार्ट्झाइट आणि त्या बाजूचा कलादगी मालिकेतला चुनखडक हे नमुने स्वभावाने टिकाऊ. कोरडं खोकं आणि चांगली चिठ्ठी एवढं त्यांना पुरतं. चुनखडकाला फक्त कच्च्या लाकडाच्या आणि हलक्या प्लायवूडच्या बंद कपाटापासून दूर ठेवावं, लाकडातून सुटणाऱ्या ॲसिटिक आम्लाने त्यावर पांढरे क्षार फुलतात.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या रॉबर्ट ब्रूस फूट यांनी हा सगळा तेव्हाचा दक्षिण मराठा प्रदेश पालथा घालून १८७६ मध्ये त्याचा भूशास्त्रीय अहवाल दिला. त्याआधी, १८७४ मध्ये, गोकाकजवळ सापडलेल्या गेंड्याच्या जीवाश्मांना त्यांनी ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस असं नाव दिलं. नमुन्याचं ठिकाण लिहून ठेवलं म्हणून दीडशे वर्षांनंतरही त्याच परिसरात जाऊन गाळाचे थर तपासता येतात.

परतताना बैलहोंगल तालुका. देशनूर परिसरात अणुखनिज निदेशालयाने युरेनियमचा शोध घेतला आहे, म्हणून या बाजूचा कुठलाही अनोळखी वाळूखडक खोक्यातून काढण्याआधी किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर फिरवावा. आधी नमुन्यापासून दूर, खोलीतली नेहमीची पातळी मोजायची, मग नमुन्याजवळ एक मिनिट. दुप्पट-तिप्पट आकडा आला तर नमुना वेगळा, हवा खेळत्या जागी, हातमोज्यांनी. बंद कपाटात रेडॉन हा किरणोत्सारी वायू साठतो. पुढचं काम निदेशालयाला कळवून, स्वतःच्या हिमतीवर नाही.

शनिवार, पुन्हा बेळगाव

आज क्रमांक घालणं आणि पेट्या भरणं.

क्रमांकासाठी दगडाची कमी महत्त्वाची बाजू निवडायची. त्यावर पॅरालॉइड बी-७२ या रेझिनचा ५ बाय १५ मिलिमीटरचा पातळ थर, तो सुकल्यावर रंगद्रव्याच्या काळ्या शाईने क्रमांक, वर पुन्हा तोच थर. प्रमाण वजनाने २० भाग रेझिन, ८० भाग ॲसिटोन. रेझिनचे दाणे मलमलीच्या पुरचुंडीत बांधून काचेच्या बाटलीत रात्रभर लटकवले की गुठळ्या होत नाहीत. पावसाळ्यात हे करू नये. ॲसिटोन भरकन उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि थर दुधी पडतो. जांभा आणि वॅडला हा उपाय नाही, ते रेझिन शोषून घेतात. त्यांना सुती दोऱ्याने बांधलेला टॅग आणि डब्यात दुसरी चिठ्ठी.

जुना क्रमांक, लाल एनॅमलने लिहिलेला असला तरी, खरवडायचा नाही. नवा त्याच्या शेजारी. नवा क्रमांक एकदा दिला की कायमचा. नमुना हरवला तरी तो दुसऱ्याला द्यायचा नाही.

कसर लागलेल्या चिठ्ठ्या आणि वह्या पॉलिथिनमध्ये बंद करून उणे २० अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये किमान एक आठवडा, जमल्यास दोन. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर गार कागदावर दव धरतं आणि शाई फुटते. फ्रीजरमध्ये फक्त कागद. दगड नाही, चिकणमाती तर नाहीच.

काही नमुने संग्रहातून काढण्याचा प्रश्न शेवटी येतोच, कारण जागा कधीच पुरत नाही. ‘घ’ वर्गातले, म्हणजे नुसता तालुका माहीत असलेले नमुने, शाळा-महाविद्यालयांच्या सरावासाठी द्यावेत. विद्यार्थ्यांनी त्यांवर आम्ल टाकावं, फोडावेत, पातळ काप करावेत. ‘क’ आणि ‘ख’ मधलं काहीही द्यायचं नाही, मग तो दगड दिसायला कितीही कुरूप असो. संशोधकाला तुकडा द्यायचा तर निम्मा ठेवूनच. कोअर असेल तर लांबीत चिरून अर्धा पेटीत राहतो, आणि सोबतच्या पुठ्ठ्यावर कोणी, किती ग्रॅम, कशासाठी नेलं आणि निकाल परत देण्याची अट, एवढं लिहायचं. निकाल परत आले नाहीत तर पुढचा माणूस तीच चाचणी पुन्हा करायला उरलेला अर्धा मागतो, आणि अशाच रीतीने चांगले नमुने संपतात.

लॉगर तीन ठिकाणी बसवून झाले. पायराइटचे डबे दारापाशी, हाताला लागतील असे. जूनच्या पहिल्या आठवड्यात पहिलं वाचन, मग सप्टेंबरपर्यंत दर पंधरवड्याला. जेलचा रंग उतरलेला दिसला तर डबा बदलण्याआधी झाकणाची रबरी कड तपासायची; बहुतेक वेळा गळती तिथूनच असते.